‘आयपी ६७’ची पेटी आणि आतलं पाणी

गोठ्यात किंवा विहिरीवरच्या पंपघरात बोर्ड बसवायचा म्हटलं की सल्ला ठरलेला: जास्तीत जास्त आयपी आकड्याची, पूर्ण बंद पेटी घ्या, पाण्याची काळजी मिटली. आकडा खोटा नसतो. त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. आयएस/आयईसी ६०५२९ या मानकात पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ७ असेल तर पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी अपाय होईल इतकं पाणी आत जात नाही. पण गोठ्यातली पेटी बुडत नाही, तिच्यावर नळीचा फवारा बसतो, आणि ती चाचणी ५ किंवा ६ ची. ७ वाली पेटी फवाऱ्यात टिकेलच असं नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्ही आकडे छापलेले पाहावेत.

यातली एकही चाचणी दमट हवेची नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यात खरा शत्रू तीच. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असतं. २० अंशांना जेमतेम १७ ग्रॅम मावतं. उरलेलं पेटीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसतं. दिवसा स्टार्टरच्या कॉइलने आणि तापल्या पत्र्याने आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री आकुंचन पावताना बाहेरची दमट हवा, प्रसंगी गास्केटच्या कडेवर साचलेलं पाणीही, आत ओढलं जातं. पुढे टर्मिनलवर हिरवट थर दिसला की वायरमन झाकणाला सिलिकॉन फासतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं, म्हणजे तांब्याचं नुकसान वाढवतं.

‘मग खाली भोक पाडायचं? आयपी राहिला कुठे?’ हा आक्षेप रास्त आहे. ड्रिलने पाडलेल्या भोकाने दर्जा जातो आणि मुंग्या थेट काँटॅक्टरपर्यंत पोचतात. त्यासाठी तयार ब्रीदर-ड्रेन प्लग मिळतो. पेटीला साजेशा दर्जाचा घेऊन तो सर्वांत खालच्या जागी बसवावा. केबल शक्यतो खालूनच घ्यावी आणि ग्लँड केबलच्या जाडीचाच असावा. एका ग्लँडमधून दोन केबल कोंबल्या तर महागड्या पेटीला अर्थ उरत नाही.

पत्र्याची पेटी भक्कम, हा समजही गोठ्यात टिकत नाही. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया जस्ताचा मुलामा, पितळ आणि तांबं खातो. पॉलिकार्बोनेटचंही अमोनियाशी फारसं जमत नाही, म्हणून तिथे फायबरग्लासची पेटी बरी, तीही गव्हाणीपासून दूर, पाऊस झोडपत नाही अशा भिंतीवर. मात्र कोणतीही पेटी शॉकपासून वाचवत नाही, नुसता एमसीबीही नाही. शरीरातून जाणारा जीवघेणा प्रवाह त्याच्या दृष्टीने नगण्य असतो. ते काम अर्थिंगसोबत ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं, आणि त्याचं टेस्टचं बटण पावसाळ्याआधी दाबून पाहायचं असतं.