शब्बाथ आणि शस्त्र

कोकणातील बेने इस्राएल तेली शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. अठराव्या शतकापासून ह्याच समाजातील अनेक पुरुष ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. घाणा थांबविता येतो. पहारा थांबविता येत नाही. विश्रांतिदिनाचा नियम आणि सैनिकी कर्तव्य ह्यांच्यातील हा पेच यहुदी परंपरेत फार जुना असून, तो तिने कसा सोडविला हे पाहणे उद्‌बोधक आहे.

‘मक्काबींचे पहिले पुस्तक’ ह्या ग्रंथात हा पेच ठळकपणे पुढे येतो. मूळ हिब्रू संहिता लुप्त झाली असून ग्रंथ ग्रीक रूपातच टिकून आहे. इ. स. पू. १६७ च्या सुमारास अँटिओकस राजाने यहुदी धर्माचारांवर बंदी घातली. रानात आश्रय घेतलेल्या यहुद्यांवर शब्बाथच्या दिवशी हल्ला झाला. त्यांनी प्रतिकार केला नाही. बायकामुलांसह सुमारे एक हजार माणसे मारली गेली. ही वार्ता ऐकून मत्तथ्या व त्याचे सोबती ह्यांनी ठरविले, की शब्बाथला कोणी चालून आल्यास लढावयाचे. ग्रंथकार मेलेल्यांना मूर्ख म्हणत नाही, की लढणाऱ्यांना धर्मभ्रष्ट ठरवीत नाही. हा संयम हेच त्या निवेदनाचे सामर्थ्य होय.

ही मुभा स्वसंरक्षणापुरतीच मानली गेली. इ. स. पू. ६३ मध्ये पाँपीने जेरुसलेमला वेढा घातला, तेव्हा रोमन सैनिक शब्बाथच्या दिवशी हल्ला न करता वेढ्याचे बांध उभारीत; प्रत्यक्ष हल्ला नसल्याने यहुद्यांनी ते काम अडविले नाही, असे जोसीफस ह्या इतिहासकाराने नोंदविले आहे. पुढे मिश्नाने छावणीतील सैनिकांना चार सवलती दिल्या. जेवणापूर्वी हात धुण्याचे बंधनही त्यांत शिथिल झाले. तालमूदने जीवरक्षणासाठी शब्बाथ मोडण्यास अनुमती दिली. त्यामागील एक युक्तिवाद असा, की वाचलेला मनुष्य पुढे अनेक शब्बाथ पाळील. १९४८ मध्ये इस्राएलची सेना उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले प्रमुख रब्बी श्लोमो गोरेन ह्यांनी श्रद्धावंतांच्या वेगळ्या तुकड्या न करता सर्वच सैन्याची स्वयंपाकघरे धर्मनियमानुसार चालविण्याचा आग्रह धरला.

अपवादाने नियम दुबळा होतो, ही समजूत येथे टिकत नाही. कारण अपवादाच्या सीमाही नियमाइतक्याच काटेकोरपणे आखलेल्या आहेत. रानातील मृतांचा वृत्तांत गाळून मत्तथ्याचा निर्णय वाचल्यास तो केवळ सोय वाटेल. तो वृत्तांत आधी वाचला, म्हणजे त्या सवलतीसाठी मोजलेली किंमत कळते.