चार जण उरले, नाव बदललं : 'मरीन रिसर्च'चा पहिला अल्बम



या व्याख्यानमालेत आपण 'ओळख' या प्रश्नाचा विचार करतो आहोत. वस्तू बदलत जाते, तरी ती तीच वस्तू आहे असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? आज हा प्रश्न माणसांच्या गटाला लावून पाहायचा आहे, आणि त्यासाठी मी उदाहरण घेतलं आहे ते १९९९ साली निघालेल्या एका इंग्लिश पॉप अल्बमचं. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात पॉप गाणी कुठून आली, असं कोणाला वाटेल. थोडा धीर धरा.

आधी हकिकत सांगतो. १९८६ साली ऑक्सफर्डमध्ये 'तलूला गॉश' नावाचा एक गट सुरू झाला. अमेलिया फ्लेचर गायची, तिचा धाकटा भाऊ मॅथ्यू ड्रम वाजवायचा, पीटर मॉमचिलॉफ गिटार. या प्रकारच्या संगीताला इंडी पॉप म्हणतात. 'इंडी' म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेरचं. साध्या, गोड चाली, झणझणती गिटार आणि थोडा हौशी कच्चेपणा. तो कच्चेपणा लपवायचा नाही, उलट मिरवायचा. १९८८ मध्ये हा गट संपला. पुढच्या वर्षी याच तिघांनी रॉब पर्सीला बरोबर घेऊन 'हेवनली' हा गट काढला. पर्सीही सुरुवातीचा काही काळ तलूला गॉशमध्ये होताच. हेवनलीचा पहिला अल्बम १९९१ मध्ये ब्रिस्टलच्या 'सारा रेकॉर्ड्स' या छोट्याशा कंपनीनं काढला. नंतर कॅथी रॉजर्स आली, दुसरा आवाज आणि कीबोर्ड घेऊन. असे हे पाच जण झाले.

यातल्या मॉमचिलॉफ या नावाशी तुमच्यापैकी काहींची ओळख असेल. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये तत्त्वज्ञानाचे संपादक म्हणून काम केलेले ते हेच. इंग्रजी तत्त्वज्ञानाच्या कितीतरी पुस्तकांत ऋणनिर्देशाच्या पानावर हे नाव भेटतं. अमेलिया फ्लेचर अर्थशास्त्रज्ञ झाली, ब्रिटनच्या सरकारी यंत्रणेत मुख्य अर्थतज्ज्ञ म्हणून तिनं काम केलं. म्हणजे ही मंडळी नोकऱ्या-अभ्यास सांभाळून गाणारी. गट हे त्यांचं पोट नव्हतं, मैत्री होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जून १९९६ मध्ये मॅथ्यूनं आपलं आयुष्य संपवलं. वय पंचवीस. हेवनलीचा चौथा अल्बम त्याच वर्षी बाहेर आला. उरलेल्या चौघांनी 'हेवनली' हे नाव मिटवून ठेवलं. पण गाणं थांबवलं नाही. नवा ड्रमवादक घेऊन त्यांनी 'मरीन रिसर्च' हा गट केला आणि १९९९ मध्ये 'साउंड्स फ्रॉम द गल्फ स्ट्रीम' हा अल्बम अमेरिकेतल्या ऑलिम्पिया गावच्या 'के रेकॉर्ड्स'मधून काढला. हेवनलीचे अल्बम अमेरिकेत काढणारी कंपनीही हीच.

आता बघा. पाचातले चार तेच. गायिका तीच, गिटार त्याच हातातली, कंपनीसुद्धा जुनीच. मग हा 'पहिला' अल्बम कसा?

आपल्याकडे याची दोन जुनी उत्तरं आहेत. 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? यातलं एकेक सुटं रथ नव्हे, आणि या सगळ्यांपलीकडेही रथ नावाचं काही नाही. 'रथ' हा व्यवहारासाठी ठेवलेला शब्द आहे. या हिशेबानं गटाचं नाव म्हणजे सोयीची पाटी, हवी तर ठेवा, नको तर काढा. न्याय-वैशेषिक याच्या अगदी उलट बोलतात. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा एक अवयवी खरोखरच असतो. धाग्यांहून पट वेगळा. मग पटातला एक धागा ओढून काढला तर? ते म्हणतात, जुना पट नष्ट झाला, उरलेल्या धाग्यांतून 'खंडपट' नावाची नवी वस्तू जन्मली. या न्यायानं हेवनली संपली आणि मरीन रिसर्च हा खंडपट झाला. उत्तर किती चपखल बसतं!

पण दुसरी दोन उदाहरणं शेजारी ठेवा. 'द हू' या विख्यात गटाचा ड्रमवादक कीथ मून १९७८ मध्ये गेला. गटानं दुसरा ड्रमवादक घेतला आणि त्याच नावानं काम चालू ठेवलं. 'लेड झेपेलिन'चा ड्रमवादक जॉन बॉनम १९८० मध्ये गेला. उरलेल्यांनी गटच थांबवला. हानी एकसारखी, दोन्हीकडे एक धागा तुटला. एकाकडे पट टिकला, दुसरीकडे संपला. मरीन रिसर्चवाल्यांनी तिसराच मार्ग धरला : चालू तर राहायचं, पण ते नाव घेऊन नाही. तेव्हा केवळ अवयव मोजून या प्रश्नाचं उत्तर निघत नाही, हे उघड आहे.

तुम्ही म्हणाल, मग संगीतावरून ठरवा. तेही जमत नाही. हेवनली ऐकलेला माणूस हा अल्बम लावेल तर अमेलियाचा आवाज लगेच ओळखेल. आवाजावरून ठरवायचं तर हा पाचवा अल्बम म्हणावा लागेल. उलट 'जॉय डिव्हिजन'चं पाहा. १९८० मध्ये त्यांचा गायक इयन कर्टिस गेला, म्हणजे ऐकणाऱ्याला जो गट वाटतो तो आवाजच गेला. गटातला कोणीही गेला तर हे नाव वापरायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. उरलेल्यांनी 'न्यू ऑर्डर' हे नाव घेतलं, १९८१ मध्ये 'मूव्हमेंट' हा पहिला अल्बम आला. त्यांचा ठराव 'गायक गेला तर' असा नव्हता, 'कोणीही गेला तर' असा होता.

इथे मला उत्तर दिसतं. गटाची ओळख ही वस्तूसारखी शोधून सापडणारी गोष्ट नाही. ती गटातल्या माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दात असते, मग तो उच्चारलेला असो वा नसो. जिथे गट हा व्यवसाय आहे तिथे 'जागा रिकामी झाली, भरा' असं म्हणता येतं, आणि त्यात काही गैर नाही. पण जिथे गट म्हणजे बहीण-भाऊ आणि मित्र, तिथे ड्रमवादकाची जागा भरता येते, मॅथ्यूची नाही. 'पहिला अल्बम' या शब्दाचा अर्थ इथे 'आम्ही नवशिके आहोत' असा नाही. 'ज्यात तो होता, ते त्याच्यासह पूर्ण झालं' असा मी तो वाचतो.

याची किंमतही असते. नाव म्हणजे ऐकणाऱ्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली पुंजी. ती सोडली की पुन्हा ओळख करून द्यायची. मरीन रिसर्च फार टिकला नाही, एवढा एकच अल्बम करून गट १९९९ मध्येच संपला. या अल्बममधल्या एका गाण्याचं नाव 'वेन डायग्रॅम' आहे. तर्कशास्त्र शिकलेल्यांना ती वर्तुळं आठवतील. हेवनलीचं वर्तुळ आणि मरीन रिसर्चचं वर्तुळ काढा. मधल्या सामाईक भागात चार नावं येतात. तरीही वर्तुळं दोनच राहतात, कारण दोन्हींच्या कडेला एकेक माणूस उरतो.

एक आक्षेप राहिला. २०२३ मध्ये ही मंडळी 'हेवनली' याच नावानं पुन्हा मंचावर आली. मग नाव मिटवून ठेवलं होतं ते खोटं का? मला तसं वाटत नाही. शब्द हा निसर्गनियम नव्हे. तो ज्यांनी दिला, त्यांनाच तो सोडवण्याचा अधिकार असतो. सत्तावीस वर्षांनंतर ते नाव उच्चारणं आणि दुसऱ्या महिन्यात उच्चारणं या एकच कृती नाहीत.

आपल्यापैकी अनेकजण भजनी मंडळं, वाचनकट्टे, छोट्या संस्था चालवतात. त्यातलं कोणी ना कोणी जाणार आहेच. तेव्हा नाव ठेवायचं की बदलायचं, याचं उत्तर घटनेच्या कलमात सापडणार नाही. आपण एकमेकांशी कशानं बांधलेलो आहोत, कामानं की माणसांनी, हे आधी विचारावं लागेल. आणि ते सगळे हयात असतानाच विचारलेलं बरं.