नवी बॅटरी घेण्याआधी

चिखलणीचे दिवस, पाऊस लागलेला, आणि नेमक्या त्याच सकाळी किल्ली फिरवली की ट्रॅक्टर नुसता ‘टक्’ करतो. आपल्यापैकी पुष्कळांना हा अनुभव असेल. आम्हालाही आला. घाईत आम्ही दुकान गाठले. “सेल गेला,” असे ऐकून जुनी बॅटरी दिली आणि सहा-सात हजार मोजून नवी घरी आणली. चौथ्या दिवशी तीही बसली! मग मेस्त्रीने बॉनेट उघडून दाखवले, की अल्टरनेटरचा पट्टा तेलाने बुळबुळीत होऊन घसरत होता. म्हणजे दुखणे एकाचे आणि औषध दुसऱ्याला.

टाकीत पाणी नाही म्हणून कोणी नवी टाकी विकत आणत नाही. आधी पंप पाणी चढवतो की नाही ते पाहतो. बॅटरी ही टाकी, अल्टरनेटर (जुन्या गाड्यांत डायनॅमो) हा पंप. दोन्ही वेगवेगळे तपासावेत.

प्रथम नुसते डोळ्यांनी पाहा. टर्मिनल हाताने हलते काय? त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे काय? असल्यास इंजिन बंद ठेवून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढावी. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने टर्मिनल धुवावे, मात्र सेलच्या बुचांतून ते पाणी आत जाऊ देऊ नये. मग कोरडे पुसून घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. बसवताना निगेटिव्ह शेवटी. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबला असता साधारण अर्धा इंच दबावा.

नंतर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल सैल आहे, किंवा क्वचित सेल्फच जाम आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ मुकाच राहिला, तर बॅटरीला दोष देऊ नये. स्विच, सोलेनॉइड, क्लचखालचा सेफ्टी स्विच किंवा खुद्द सेल्फ तपासावा.

बाजारात मल्टिमीटर स्वस्तात मिळतो. दोघा-तिघांनी मिळून एक घेतला तरी चालेल. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी चालू करण्यापूर्वी मोजावी. सुमारे 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जवळजवळ निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी व पुन्हा मोजावे. आकडा 13.8 ते 14.4 च्या आसपास चढला तर चार्जिंग ठीक. बारावरच अडकून हळूहळू उतरू लागला तर पट्टा, वायर, रेग्युलेटर, अल्टरनेटर या क्रमाने पाहावे. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला समजावे. अशी बॅटरी तापते, तिचे पाणी लवकर आटते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

काही मेस्त्री चार्जिंग पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढतात. डायनॅमोच्या काळात ते खपून जाई. अल्टरनेटरमध्ये मात्र त्याने डायोड जळण्याची भीती असते. आपल्या ट्रॅक्टरवर कोणालाही हे करू देऊ नये.

मग खरोखर बॅटरीच गेली हे कसे ओळखावे? बुचे असलेली बॅटरी पुरी चार्ज करून सहाही सेल हायड्रोमीटरने पाहावेत. भरलेल्या सेलमध्ये काटा 1.265 किंवा थोडा वर असतो. पाच सेल चांगले आणि एकच 50 अंकांनी मागे राहिला, तर तो सेल गेला. आता खुशाल दुकानात जावे. सीलबंद बॅटरीची मात्र दुकानात लोड टेस्ट मागावी.

पाणी फक्त डिस्टिल्ड घालावे. विहिरीच्या पाण्यातले क्षार पत्र्यांना मारक असतात. वरून अॅसिड तर कधीच घालू नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने तो भडकून बॅटरी फुटू शकते. बॉनेटवर वाकून विडी ओढणारे आम्ही पाहिले आहेत! अॅसिड डोळ्यात गेले तर तूप, दूध, औषध शोधत बसू नका. तत्काळ स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवावी व महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते असे जुने लोक सांगतात. आजच्या प्लॅस्टिकच्या खोक्यांना ते लागू नाही. तरी खाली फळी घालावीशी वाटली तर घाला, त्याने काही बिघडत नाही.