शेतमाल गिऱ्हाइकाच्या घरी पोचविताना : टपाल की खासगी वाहतूक?

पूर्वी शेतकऱ्याचा माल अडत्याच्या दुकानी पोचला की शेतकऱ्याचे काम संपत असे. पुढे तो माल कोणाच्या स्वयंपाकघरात गेला, हे त्यास क्वचितच कळे. आता ही स्थिती पालटत आहे. सांगलीची हळद व बेदाणा, कोल्हापूरचा गूळ, वेंगुर्ल्याचा काजू, कोकणातील हापूस असा माल अनेक शेतकरी व महिला बचतगट थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवू लागले आहेत. मधली दलाली वाचते आणि मालाच्या गुणाप्रमाणे भाव मिळतो, हा या पद्धतीचा लाभ होय. परंतु माल घरपोच करण्याची जबाबदारीही आता शेतकऱ्यावरच येते. पार्सल वेळेवर पोचले नाही, फुटले वा परत आले, तर वाचलेली दलाली तर जातेच, शिवाय मोठ्या कष्टाने जोडलेले गिऱ्हाईकही तुटते. म्हणून पार्सल टपालाने पाठवावे की खासगी कंपनीमार्फत, हा प्रश्न वरवर लहान दिसला तरी त्याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

दोन यंत्रणांतील मूळ भेद

भारतीय टपालखात्याची दीड लाखाहून अधिक कार्यालये असून त्यांपैकी सुमारे नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. ज्या गावी नफा होत नाही, त्या गावीही टपाल पोचविणे हे या खात्याचे कर्तव्य मानलेले आहे. १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेली स्पीड पोस्ट सेवा ही या खात्याची शीघ्र सेवा होय. पूर्वीची रजिस्टर पोस्टाची सेवा २०२५ साली तिच्यातच विलीन करण्यात आली.

खासगी कंपनीचे धोरण निराळे असते. जेथे पार्सलांची संख्या मोठी, तेथे ती आपली माणसे व गाड्या ठेवते. त्यामुळे मुंबई, पुणे, ठाणे यांसारख्या शहरांत तिची सेवा बहुधा चपळ असते. पुरेशी पार्सले मिळत असल्यास तिचा माणूस पाठविणाऱ्याच्या दारी येऊन माल उचलतो. मात्र आडवळणाच्या गावी काही कंपन्या जातच नाहीत, काही जादा आकार घेतात, तर काही गिऱ्हाइकास तालुक्याच्या कचेरीत येऊन पार्सल न्यावयास सांगतात. अशा वेळी ‘घरपोच’ हा शब्द पावतीवरच राहतो.

हा भेद आजचा नाही. अमेरिकेत १९१२ सालाअखेरपर्यंत टपालाने देशांतर्गत चार पौंडांहून, म्हणजे सुमारे १.८ किलोग्रॅमहून, अधिक वजनाचे पार्सल पाठविता येत नसे. त्याहून जड माल खासगी एक्सप्रेस कंपन्यांच्या हाती होता. त्यांची सेवा मुख्यतः रेल्वेमार्गावरील गावांत असल्याने दूरच्या शेतकऱ्यास माल आणण्या-नेण्यासाठी स्टेशन गाठावे लागे. १ जानेवारी १९१३ पासून तेथे पार्सल पोस्ट सुरू झाले आणि अकरा पौंडांपर्यंतचे पार्सल टपालाने जाऊ लागले. पुढच्याच वर्षी टपालखात्याने निवडक शहरांत शेतकऱ्यांच्या नावांच्या याद्या वाटून, अंडी, लोणी, भाजीपाला शेतातून थेट शहरातील घरी पाठविण्यास उत्तेजन दिले. आपल्या देशातही कर्नाटकात २०१९ पासून आंबा उत्पादकांच्या पेट्या टपालखात्यामार्फत बंगळूर शहरात घरोघर पोचविण्यात आल्या. टपालाचा उपयोग केवळ पत्रांसाठी नाही, हे यावरून ध्यानी येईल.

प्रथम पत्ता पाहावा

कोणती सेवा चांगली, असे एकदम विचारणे बरोबर नाही. हे पार्सल कोणत्या पत्त्यावर जावयाचे आहे, असा प्रश्न आधी विचारावा.

गिऱ्हाईक मोठ्या शहरात असेल, तर दोन्ही मार्ग खुले असतात. तेथे दर व दिवस यांची तुलना करून निवड करावी. गिऱ्हाईक खेड्यात, डोंगराळ भागात किंवा ईशान्येकडील राज्यांत असेल, तर बहुधा टपालच अधिक भरवशाचे ठरते. सैन्यातील जवानांचे पत्ते ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ असे असतात. त्या ठिकाणी सैन्याच्या टपालव्यवस्थेतूनच वाटप होते, खासगी कंपनीचा माणूस तेथे पोचू शकत नाही. सातारा, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांतून पुष्कळ जवान सैन्यात असल्याने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

पत्ता लिहिताना पिनकोड बिनचूक असावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा आकडी पद्धतीची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. तिच्यातील पहिले तीन आकडे टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणारे टपालकार्यालय दाखवितात. एका पिनकोडात अनेक गावे येत असल्याने केवळ आकड्यांवर विसंबू नये. घरक्रमांक, वाडी किंवा गल्ली, जवळची खूण, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि गिऱ्हाइकाचा चालू दूरध्वनी क्रमांक लिहावा. पाठविणाऱ्याचा पत्ताही पेटीवर आणि पेटीच्या आत, असा दोन ठिकाणी ठेवावा. बाहेरची चिठ्ठी भिजली वा फाटली, तर आतील चिठ्ठीमुळे माल परत मिळू शकतो.

हशिलाचा खरा हिशेब

दरपत्रकावरील आकडा हा खरा खर्च नव्हे. त्यात तीन गोष्टी मिळवाव्या लागतात.

पहिली गोष्ट पेटीच्या आकारमानाची. हलका पण जागा व्यापणारा माल असल्यास वाहतूकदार प्रत्यक्ष वजनाऐवजी आकारमानावरून काढलेले वजन धरतो. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा आणि त्यास बहुधा ५,००० ने भागावयाचे, अशी रीत प्रचलित आहे. उदाहरणार्थ, ४० × ३० × २५ सेंटिमीटरच्या पेटीचे असे वजन ६ किलोग्रॅम होते. तिच्यात ३ किलोग्रॅमच पापड भरले असले, तरी भाडे ६ किलोग्रॅमचे पडते. म्हणून मालाच्या मापाचीच पेटी घ्यावी आणि नोंदणीपूर्वी कोणता भाजक लागू आहे, हे विचारून घ्यावे. हळदपूड व गूळ हा माल जड असल्याने त्यास ही अडचण सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट जाण्या-येण्याच्या खर्चाची. पार्सल देण्यासाठी तालुक्यास जावे लागत असेल, तर ते भाडे आणि बुडालेला अर्धा दिवस हाही खर्चच होय. गावातील शाखा टपालकार्यालय मोजकेच तास उघडे असते. तेथे कोणते पार्सल कोणत्या वजनापर्यंत घेतात, याची चौकशी आधी करून ठेवावी. रोज एकेक पार्सल पाठविण्यापेक्षा गावातील चार-पाच शेतकऱ्यांनी अथवा बचतगटाने आठवड्यातून दोन दिवस नेमून एकत्र पार्सले दिल्यास खर्च विभागला जातो. पार्सलांची संख्या वाढली की टपालखाते व खासगी कंपन्या या दोहोंशीही सवलतीच्या दराविषयी बोलणी करता येतात.

तिसरी गोष्ट परत येणाऱ्या पार्सलांची, आणि बहुतेक शेतकरी नेमके हेच विसरतात. केवळ गणित समजण्यासाठी असे धरू की, एका शेतकऱ्याने दर पार्सलास ८० रुपये देऊन ५० पार्सले पाठविली. त्यांपैकी ६ गिऱ्हाइकांनी घेतली नाहीत आणि परतीचे भाडेही तितकेच पडले. जाण्याचे ४,००० व परतीचे ४८० मिळून खर्च ४,४८० रुपये झाला, आणि माल मात्र ४४ घरीच पोचला. म्हणजे ८० रुपये दिसणारा दर प्रत्यक्षात सुमारे १०२ रुपये पडला. माल नाशवंत असेल, तर त्या सहा पेट्यांचे मोलही बुडाले. दोन सेवांची तुलना करावयाची ती पाठविलेल्या पार्सलावरून नव्हे, तर पोचलेल्या पार्सलावरून करावी.

पैशांची वसुली

माल हाती देऊन पैसे घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. टपालखात्याने व्ही.पी.ची सोय १८७७ साली सुरू केली आणि तिच्या बळावर पुस्तके, औषधे व बी-बियाणे गावोगाव पोचली. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ या नावाने अशी सोय टपालखाते आणि अनेक खासगी कंपन्या देतात. मात्र तिच्यासाठी निराळा आकार पडतो, वसूल झालेली रक्कम काही दिवसांनी हाती येते आणि पार्सल नाकारले जाण्याचा संभव वाढतो. यास्तव नव्या गिऱ्हाइकाकडून निदान वाहतुकीचा खर्च तरी आगाऊ घ्यावा. आंब्यासारख्या नाशवंत मालाचे पूर्ण पैसे आधी घेणेच इष्ट.

मालाप्रमाणे मार्ग

हळद, बेदाणा, काजू, डाळी हा सुका माल चार दिवस अधिक लागले तरी बिघडत नाही. त्यास स्वस्त मार्ग चालतो. मात्र ओल लागू नये म्हणून आतील पिशवी हवाबंद असावी. गूळ पावसाळ्यात पाझरतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात तो दूर पाठविणे शक्यतो टाळावे. मध, कोकम सरबत यांसारखे पातळ पदार्थ काचेऐवजी जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, पक्के बूच लावून, पुन्हा पिशवीत बंद करून भरावेत. विमानमार्गे जाणाऱ्या पार्सलांत पातळ पदार्थ पुष्कळदा नाकारले जातात, म्हणून ते रस्त्याने वा रेल्वेने जातील, अशी खात्री करून घ्यावी.

हापूस आंब्याची गोष्ट निराळी. पिकलेला आंबा पार्सलात घालू नये. तयार झालेला, परंतु कडक असलेला आंबा हवा खेळती राहील अशा भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या मजबूत पेटीत, गवताचा थर देऊन भरावा. वाटेत दोन-तीन दिवस गेले तरी तो गिऱ्हाइकाच्या घरी पिकतो. पेटी आठवड्याच्या आरंभी रवाना करावी. शनिवारी दिलेली पेटी रविवारी कोठेतरी तापत पडून राहण्याची भीती असते. अशा मालासाठी दर दोन-पाच रुपयांनी अधिक असला, तरी कमी दिवस घेणारी सेवाच अंती स्वस्त पडते.

दोन्ही सेवांखेरीज एसटीचाही मार्ग आहे. एसटी बसमधून पार्सले जातात, आणि मे २०२० पासून महामंडळाने स्वतंत्र मालवाहतूकही सुरू केली. बसमधून पाठविलेले पार्सल एका स्थानकातून दुसऱ्या स्थानकात जाते, म्हणून ते उतरवून घेणारे माणूस शहरात हवे. नातलग अथवा वितरक तेथे असल्यास एकाच वेळी वीस-पंचवीस पेट्या पाठविण्यास हा मार्ग सोयीचा आहे.

नुकसान झाल्यास

या बाबतीत दोन्ही यंत्रणांचे कायदे निराळे आहेत. टपालखात्यास १८९८ च्या कायद्याऐवजी आता २०२३ चा टपाल कायदा लागू आहे. तो १८ जून २०२४ पासून अंमलात आला. त्यानुसार खात्याची जबाबदारी नियमांत ठरविली असेल तेवढीच राहते. म्हणून मौल्यवान पार्सलाचा विमा उतरविण्याची सोय विचारून घ्यावी.

खासगी वाहतूकदारास २००७ चा रस्ता मालवाहतूक कायदा लागू होतो. घरपोच माल नेणाऱ्या कुरिअर संस्थांचाही त्यात समावेश आहे. पाठविणाऱ्याने मालाची अधिक किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी नियमांनुसार भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मर्यादित राहते. म्हणजे ८० रुपये भाड्याच्या पेटीत दोन हजारांचा माल असला, तरी ८०० रुपयांहून अधिक भरपाईची आशा धरता येत नाही. पावतीवर किंमत लिहिण्याची जागा कोरी सोडू नये, असे सांगितले जाते ते याच कारणाने. शिवाय दावा करण्यापूर्वी, माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदारास नुकसानीची लेखी सूचना पोचली पाहिजे. तोंडी तक्रार पुरत नाही.

पावती जपून ठेवावी, बंद करण्यापूर्वी पेटीचे व आतील मालाचे छायाचित्र घ्यावे आणि फुटलेले पार्सल उघडतानाही छायाचित्र घेण्यास गिऱ्हाइकास सांगावे. तक्रारीच्या वेळी हाच पुरावा उपयोगी पडतो.

निवडीची रीत

हंगामाच्या आरंभीच सर्व माल एका यंत्रणेच्या हाती देऊ नये. निरनिराळ्या पत्त्यांवरील दहा पार्सले टपालाने व तशीच दहा खासगी कंपनीमार्फत पाठवावीत. एका वहीत पाठविल्याची तारीख, पोचल्याची तारीख, एकूण खर्च, मालाची स्थिती आणि परत आले किंवा नाही, अशी पाच सदरे आखून नोंद ठेवावी. महिनाभरात ही वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक खरे उत्तर देईल. शहरातील पत्त्यांस एक सेवा व खेड्यातील पत्त्यांस दुसरी, असेही त्यातून ठरू शकेल, आणि तसे ठरल्यास त्यात वावगे काही नाही.

शेतात उत्तम माल पिकविण्यास वर्ष लागते आणि तो बिघडण्यास वाटेतील एक दिवस पुरतो. पेरणीपूर्वी बियाणे जसे पारखून घेतले जाते, तशीच माल नेणाऱ्याचीही पारख शेतकरीबांधवांनी करावी. म्हणजे शेतातून निघालेला माल जसाच्या तसा गिऱ्हाइकाच्या घरी पोचेल, आणि पुढच्या हंगामात त्याच घरून पुन्हा मागणी येईल.