अस्सलबरहुकूम नक्कल

जुन्या दफ्तरांत कागदाची नक्कल उतरली की अस्सलाशी तिचा मुकाबला होई आणि मगच तिच्याखाली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा पडे. एचआयव्ही या विषाणूच्या कारभारात नेमकी ही मुकाबल्याची पायरीच नाही. त्याचा आरएनएरूपी मजकूर अवघा सुमारे ९,७०० अक्षरांचा. परंतु मानवी पेशीत शिरल्यावर तो डीएनएच्या लिपीत उतरवणारे विकर आपली चूक कधी तपासून पाहत नाही (असा कारकून कोणत्याही मामलेदाराने आठवडाभरात बडतर्फ केला असता), आणि उपचाराविना असलेल्या रुग्णाच्या देहात रोज अब्जावधी विषाणू निपजत असल्याने काही वर्षांत एकाच देहात एकाच मजकुराचे असंख्य पाठभेद नांदू लागतात.

संसर्गानंतर थोड्याच आठवड्यांत, सरहद्दीवरून ये-जा करण्याचा परवाना असलेल्या मोनोसाइट पेशींच्या आडून, तो मेंदूत पोचतो. तेथे त्याचे बिऱ्हाड चेतापेशींत नसून महाभक्षी पेशींत व मायक्रोग्लियांत असते. या पेशींवर सीडी४ ही शिरकावाची कडी विरळ असल्याकारणाने थोडक्या सीडी४वर भागवणारे पाठभेदच तेथे तगतात, आणि रक्तातल्या भाऊबंदांपासून मेंदूतील शाखा विभक्त होते. चेतापेशी मरतात त्या शेजारच्या दाहाने आणि विषाणूच्या प्रथिनांनी. विचारांचे मांद्य, विस्मृती व डळमळते पाऊल ही या हानीची लक्षणे न्यूयॉर्कच्या नेव्हिया, जॉर्डन व प्राइस यांनी १९८६ साली रीतसर वर्णिली.

त्याच वर्षी मद्रासेत सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी हा विषाणू भारतात प्रथम दाखवून दिला. पुढे आपल्या वैद्यांना एक गोष्ट जाणवू लागली, ती ही, की पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेला स्मृतिभ्रंश येथील रुग्णांत त्या मानाने क्वचितच आढळतो. अमेरिकेत या विषाणूच्या ‘बी’ उपप्रकाराचा अंमल, येथे ‘सी’चा. ‘बी’च्या टॅट प्रथिनात ३०व्या व ३१व्या स्थानी सिस्टीन या अमिनो आम्लाची जोडी असते, आणि तिच्या बळावर ते देहाच्याच संदेशद्रव्याची बतावणी करून मोनोसाइटांना बोलावून आणते; बंगळूरच्या उदयकुमार रंगा व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की भारतीय ‘सी’त ३१व्या स्थानी बहुधा सेरीन असल्याने ही हाक फिकी पडते. विनायक प्रसाद यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेने २००८ साली उंदरांवर पडताळा घेतला, तेव्हा ‘बी’ने बाधलेले उंदीर भूलभुलैयात अधिक वेळा चुकले.

परंतु यावरून आपल्याकडचा विषाणू सौम्य, असा निवाडा देणे उतावीळपणाचे होईल. बारकाईच्या मानसशास्त्रीय चाचण्या लावल्या असता येथील रुग्णांतही सौम्य बौद्धिक उणिवा पुष्कळ आढळल्या. आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात ‘सी’च असूनही सिस्टीनची जोडी शाबूत राखणारे पाठभेद अधिक, व ते चेतापेशींना अधिक जाचक. तेव्हा उपप्रकाराच्या नावावर विसंबण्यापेक्षा ते एक अक्षर वाचणे बरे.

संयुक्त औषधोपचाराने तीव्र स्मृतिभ्रंश आता विरळ झाला आहे. तथापि काही रुग्णांत रक्ताचा अहवाल निर्दोष असताना मेंदूभोवतीच्या द्रवात औषधांना न जुमानणारा पाठभेद वाढत असतो, आणि पाठीच्या कण्यातून तो द्रव काढून पाहिल्याखेरीज त्याचा सुगावा लागत नाही.