महिन्यातले गोळीचे दिवस

१७.

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या कालनिर्णयवर, गेल्या वर्षीच्या एप्रिलच्या पानावर, एवढ्या तारखांभोवती निळ्या पेनाने गोल केलेले होते. दुधाचे खाडेही ती त्याच पानावर मांडते, म्हणून मला आधी तो दुधाचाच हिशेब वाटला. पण खाड्याला ती फुली मारते. गोल होते ते गोळीचे. ज्या दिवशी डोकं दुखलं आणि गोळी घेतली, त्या तारखेला गोल. तीस वर्षं डोकं दुखल्यावर ती पहिल्यांदा अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनी कुठलीही महागडी तपासणी लिहून न देता एवढंच काम सांगितलं होतं: महिनाभर खुणा करा, मग या.

अर्धशिशीबद्दल, म्हणजे मायग्रेनबद्दल, जितके आकडे उपलब्ध आहेत त्यांत रुग्णाच्या सर्वांत कामाचा आकडा हाच आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे. महिन्यातले गोळीचे दिवस किती? रुग्ण तो आपणहून सांगत नाही आणि बहुतेक वेळा त्याला कोणी विचारतही नाही.

आधी या आजाराची व्याप्ती पाहू. जगात १०० कोटींहून अधिक लोकांना मायग्रेन आहे, म्हणजे साधारण १४ टक्के. आपल्याकडचा विश्वासार्ह आकडा शेजारच्या कर्नाटकातून येतो. बंगळूरू आणि आसपासच्या खेड्यांतल्या १८ ते ६५ वयाच्या २,३२९ जणांना घरोघरी जाऊन विचारलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेले निघाले २५.२ टक्के. चारांत एक. पुरुषांपेक्षा बायकांत दुपटीने आणि शहरापेक्षा खेड्यात दीडपटीने जास्त शक्यता. डोकेदुखी हे शहरी, एसीत बसणाऱ्यांचं दुखणं आहे, असं आपण उगाच धरून बसलो आहोत.

हेच प्रमाण आपल्याकडे लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत बडनेऱ्यासह अमरावती महापालिकेची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार होती. त्यात १८ ते ६५ वयाचे साठ टक्के धरले तर ३ लाख ८८ हजार प्रौढ होतात. कर्नाटकाचं प्रमाण लावलं तर सुमारे ९८ हजार जणांना मायग्रेन, जगाची सरासरी लावली तरी ५४ हजारांना. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण खालचा आकडा घेतला तरी एवढी माणसं दवाखान्यांच्या कागदांवर मायग्रेन म्हणून दिसत नाहीत, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. मग ती आहेत कुठे?

ती 'पित्ता'त आहेत. मावशीचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले: "काई नाई व, पित्त झालं. उलटी झाली का डोस्कं उतरते." मग खिडकीला चादर, डोक्याला घट्ट फडकं, कपाळावर सुंठेचा लेप आणि घरात सगळ्यांना गप्प बसायची ताकीद. स्टेशनवरच्या गाड्यांची शिट्टी एरवी तिला ऐकूही येत नाही, इतकी सवयीची. त्या दिवशी मात्र प्रत्येक शिट्टीला ती कळवळायची. अंधार हवा, आवाज नको, मळमळ, उलटी, एका बाजूने ठणका, उठून दोन पावलं टाकली की वाढणारी कळ. पाठ्यपुस्तकात मायग्रेनचं जे वर्णन आहे ते आमच्या माजघरात दर महिन्याला घडत होतं आणि आम्ही त्याला आम्लपित्ताचं औषध देत होतो.

निदानाचे निकष अगदी सरळ आहेत. आजवर किमान ५ वेळा असा त्रास झालेला असावा. औषध न घेतल्यास तो ४ ते ७२ तास टिकावा. डोक्याची एक बाजू, ठणका, मध्यम ते तीव्र वेदना, आणि चालण्याफिरण्याने वाढ, या चारांपैकी दोन गोष्टी असाव्यात. सोबत मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणं. आणि या सगळ्याला दुसरं काही कारण नसावं. यातलं काहीही रक्तात किंवा एक्स-रेमध्ये दिसत नाही, ते विचारूनच कळतं. त्याहून सोपी चाळणी तीन प्रश्नांची आहे. डोकं दुखताना मळमळतं का? उजेडाचा त्रास होतो का? गेल्या तीन महिन्यांत एखाद्या दिवशी तरी यामुळे काम सोडावं लागलं का? डोकेदुखी घेऊन दवाखान्यात आलेल्या रुग्णाने तिनांपैकी दोनांना 'हो' म्हटलं, तर ते मायग्रेन असण्याची शक्यता २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात ९३ टक्के निघाली. देशात लाखामागे एकही मेंदूविकारतज्ज्ञ नाही. पण हे तीन प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिकाही ते विचारू शकते.

'पित्ता'सारखंच दुसरं पांघरूण 'सायनस'चं. अमेरिकेत ज्यांना सायनसची डोकेदुखी आहे असं सांगितलं गेलं होतं किंवा ज्यांनी स्वतःच तसं ठरवलं होतं, अशा २,९९१ जणांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारचं होतं.

पित्ताचा समज आला कुठून, हेही समजून घ्यायला हवं, कारण तो वेडगळ नाही. मायग्रेन सुरू झालं की पोटाचं काम खरोखर मंदावतं. अन्न आणि औषध दोन्ही पुढे सरकत नाहीत. उलटी होते, आणि पुष्कळदा दुखणं ओसरायच्या सुमारास होते. म्हणून पाहणाऱ्याला वाटतं, पित्त पडलं आणि डोकं उतरलं. खरी सुरुवात डोक्यात असते. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणाची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस चाळवते आणि तिच्या टोकांतून सीजीआरपी हे द्रव्य सुटतं. १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी दुखणं चालू असताना मानेतल्या शिरेच्या रक्तात हे द्रव्य वाढलेलं दाखवलं. त्यावर बेतलेलं पहिलं प्रतिबंधक इंजेक्शन अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. म्हणजे धागा सापडल्यापासून औषध हाती यायला २८ वर्षं लागली.

पण बडनेऱ्यातल्या बाईचा प्रश्न त्या महागड्या इंजेक्शनाचा नाही, साध्या गोळीचा आहे. साध्या गोळ्या किती चालतात, याचेही आकडे आहेत. अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा: गोळी घेतल्यावर दोन तासांत दुखणं पूर्ण थांबलं, असं होण्याचं प्रमाण पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅमला १९ टक्के, ॲस्पिरिन ९०० ते १००० ला २४ टक्के, आयबुप्रोफेन ४०० ला २६ टक्के आणि मायग्रेनसाठीच बनलेल्या सुमाट्रिप्टानच्या १०० मिलिग्रॅमला ३२ टक्के. नुसती पिठाची गोळी दिली तरी दहा-बारा टक्के लोकांचं दुखणं थांबतं. याचा अर्थ कुठलीही गोळी रामबाण नाही, आणि मात्रेला व वेळेला फार महत्त्व आहे. आपल्याकडे बायका करतात नेमकं उलट. आधी स्वयंपाक, डबे, धुणं उरकतात, अगदीच असह्य झालं की पाचशेची एक गोळी घेतात, आणि तोवर मंदावलेल्या पोटात ती पडून राहते. मग "मले गोयी लागतच नाई." पुरेशी मात्रा, दुखायला लागताच, आणि मळमळ असेल तर तिच्यावरच्या औषधासोबत, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं तर तीच साधी गोळी पुष्कळ वेळा भागवते. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये. हृदयविकार, पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान घेऊ नये.

आता पुन्हा त्या १७ गोलांकडे येऊ.

वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, की औषधच डोकेदुखी निर्माण करू लागतं. सकाळी डोकं जड, म्हणून गोळी. गोळी उतरली की पुन्हा डोकं, म्हणून दुसरी. कर्नाटकाच्या पाहणीत अशा अतिवापराची डोकेदुखी शंभरात १.२ जणांना होती. अमरावतीच्या ३ लाख ८८ हजार प्रौढांना ते प्रमाण लावलं तर साडेचार हजारांहून अधिक माणसं होतात. किराण्यात बिस्किटांशेजारी टांगलेली पट्टी घेऊन दिवस ढकलणारी माणसं ती हीच. मावशीच्या डब्यात निघाली ती वेदनाशामक आणि कॅफीन एकत्र असलेली मिश्र गोळी. म्हणजे तिची मर्यादा १० दिवसांची होती, आणि तिने ती कितीतरी महिने ओलांडलेली होती.

हे मला सर्वांत दुःखद वाटतं. तिचा आजार वाढत नव्हता, उपचार वाढत होता. गोळीच्या दिवसांचा आकडा कुणी दहा वर्षांपूर्वी विचारला असता, तर ती दहा वर्षं वाचली असती.

यातून सुटका होते. गोळ्या थांबवल्या की पहिले काही दिवस, कधी आठ-दहा दिवस, डोकं जास्त दुखतं. मग आठवड्या-आठवड्याने कमी होत जातं. त्या सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी सांभाळून घेणं हाही उपचाराचाच भाग असतो. मावशीचे ते नऊ दिवस आम्ही बहिणींनी पोळ्यांच्या पाळ्या लावून काढले.

सोबत प्रतिबंधक औषध सुरू झालं. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल तर याचा विचार करतात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट, फ्लुनारिझिन ही जुनी औषधं त्यासाठी वापरतात. कोणाला कुठलं, हे डॉक्टरच ठरवतील: दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट देऊ नये. ही औषधं रोज, दुखो न दुखो, घ्यायची असतात आणि गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. दिवस निम्मे झाले तरी यश मानतात. पंधराव्या दिवशी "फरक नाही" म्हणून सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे, हे त्या धीराअभावीच. दिल्लीच्या एम्सने ११४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. औषधासोबत तीन महिने योगासनं करणाऱ्यांची डोकेदुखी महिन्याला ९.१ वेळांवरून ४.७ वर आली, नुसतं औषध घेणाऱ्यांची ७.७ वरून ६.८ वर. योग औषधाऐवजी नव्हता, सोबत होता, हे विसरू नये.

मावशीच्या पानावर आणखी एक गोष्ट दिसली. १७ पैकी ३ गोल एकादशी आणि संकष्टीच्या तारखांवर होते. तिथी कालनिर्णयवर छापलेल्याच असतात, म्हणून लगेच डोळ्यांत भरल्या. रिकामं पोट हे मायग्रेनचं ओळखीचं निमित्त आहे, मग उपवास संकष्टीचा असो की रमजानचा रोजा. दुसरं निमित्त खास आपल्याकडचं. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांचं मायग्रेन डोक्यावरून न्हाल्यावर सुरू व्हायचं. लांब ओले केस घेऊन कामाला लागणाऱ्या आपल्या बायकांना हे नवं नाही. फक्त तसं लिहून ठेवणारा भेटला. तिसरं निमित्त ऊन. बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या ७,०५४ रुग्णांच्या २००९ च्या अभ्यासात तापमान ५ अंशांनी वाढलं की पुढच्या चोवीस तासांत तीव्र डोकेदुखीचा धोका ७.५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. बॉस्टनचं हवामान वेगळं, माणसं वेगळी, म्हणून तो आकडा वऱ्हाडाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उन्हामुळे तिथे जमावबंदीचा आदेश काढावा लागला, तेव्हाही शेतमजुरीची कामं करणारी बाई डोक्याला फडकं बांधून बाहेर होतीच.

काही डोकेदुखी मात्र महिनाभर मोजत बसायची नसते. एका क्षणात वीज पडावी तशी उठलेली, ताप आणि मान आखडल्यासह आलेली, बोलणं अडखळवणारी किंवा हातपाय लुळे करणारी, डोक्याला मार लागल्यानंतरची, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा गरोदरपणात नव्याने आलेली: अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आणि ज्या बाईला डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात, तिने गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी ते डॉक्टरांना जरूर सांगावं. अशा बायकांत त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

मावशीच्या या वर्षीच्या एप्रिलच्या पानावर गोल ५ आहेत. संकष्टी ती अजूनही करते, फक्त दुपारी दूध आणि राजगिऱ्याचा लाडू खाते. तुमच्या घरी कोणी "पित्त झालं" म्हणून अंधारात पडून राहत असेल, तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि एक पेन तिच्या हाती द्या. महिना संपला की ते पान सोबत घेऊन दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.