दुरुस्तीची वाट वेगळी हवी

सिस्कोच्या २५०० किंवा २६०० मालिकेतला राउटर मागून पाहिला, की नेटवर्कच्या केबलींशेजारी दोन छोटे पोर्ट दिसतात. एक कन्सोल, दुसरा ऑक्स. कन्सोलला लॅपटॉप जोडून राउटरचे पहिले कॉन्फिगरेशन करतात. ऑक्सला मोडेम लावायचा आणि मोडेमला टेलिफोनची साधी लाइन द्यायची, म्हणजे शेकडो किलोमीटरवरून फोन करून त्या राउटरमध्ये लॉगिन करता येते. आज हा पोर्ट बहुतेक ठिकाणी रिकामा असतो आणि मोडेमचे कॉन्फिगरेशन कालबाह्य म्हणून अभ्यासक्रमांतून गळत चालले आहे. माझ्या मते या जुन्या जोडणीत नेटवर्क बांधणीचा एक पायाभूत नियम दडलेला आहे: जे बिघडू शकते, त्याच्या दुरुस्तीची वाट त्याच्यातूनच जाता कामा नये. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घ्यावे, तशी आज कित्येक मोठ्या नेटवर्कांची रचना झाली आहे. मोडेमची जोडणी कशी होते ते बारकाईने पाहिले, तर ही चूक टाळायला काय काय लागते तेही कळते.

मोडेमपासून सुरुवात करू. १९८१ मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला आणि त्याच्याबरोबर ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञांची पद्धत रुळली. एटीडीटी आणि पुढे नंबर दिला की मोडेम टोनने डायल करतो. एस-शून्य या रजिस्टरमध्ये १ भरले की पहिल्या रिंगला स्वतःच फोन उचलतो. राउटरसाठी याहून महत्त्वाच्या दोन सेटिंग आहेत. समोरच्या मोडेमचा संकेत, म्हणजे कॅरियर, आहे की गेला, हे मोडेमने राउटरला खरेपणाने कळवले पाहिजे; आणि राउटरने आपला सिग्नल खाली आणला की मोडेमने फोन ठेवला पाहिजे. मग हे सगळे मोडेमच्या कायम स्मृतीत लिहून ठेवायचे, नाहीतर एकदा वीज गेली की केलेले काम वाया जाते. राउटर आणि मोडेम यांच्यामधला अ‍ॅडॉप्टरही बघून घ्यावा लागतो, कारण तो चुकीचा निघाला तर कॅरियर गेल्याची खबर राउटरपर्यंत पोचतच नाही.

राउटरच्या बाजूला ऑक्स लाइनवर वेग ठरवायचा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल लावायचा आणि ‘मोडेम इनआउट’ ही आज्ञा द्यायची. या आज्ञेमुळे राउटर मोडेमच्या सिग्नलकडे लक्ष ठेवतो: कॉल तुटला की लॉगिन संपवतो, कॉल आला की नवे सुरू करतो. हाच मोडेम कन्सोलला लावला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. कन्सोल पोर्ट हे सिग्नल बघतच नाही. प्रशासकाने लॉगिन केले आणि मध्येच लाइन तुटली, तरी राउटरच्या लेखी तो अजून आतच आहे. टाइमआउट होण्याआधी दुसऱ्या कुणाचा फोन लागला, तर त्याला पासवर्ड न विचारता थेट उघडे सत्र मिळते. शिवाय मोडेमचा एको आणि उत्तरे बंद केलेली नसतील, तर राउटरने पाठवलेला मजकूर मोडेम परत पाठवतो, राउटर त्याला आज्ञा समजून उत्तर देतो आणि दोघांची निरर्थक देवाणघेवाण चालू राहते. वेगळी वाट नुसती असून भागत नाही. ती केव्हा उघडते आणि केव्हा बंद होते, हे नेमके लिहून ठेवावे लागते.

हाच काटेकोरपणा मोडेमच्या दुसऱ्या कामातही दिसतो. मुख्य लीज लाइन पडली की राउटरने स्वतः फोन लावून पर्यायी जोडणी करायची, हे ते काम. मुख्य मार्गापेक्षा कमी पसंतीचा एक स्थिर मार्ग लिहून ठेवतात. मुख्य मार्ग नाहीसा झाला की तो पुढे येतो. चॅट स्क्रिप्ट मोडेमशी बोलते, पीपीपी दोन राउटरमध्ये दुवा बांधते आणि चॅप पासवर्ड तारेवरून न पाठवता ओळख पटवते. पण फोन कशासाठी लावायचा, हे माणसाने ठरवून द्यावे लागते. सिस्कोच्या भाषेत त्याला ‘इंटरेस्टिंग ट्रॅफिक’ म्हणतात आणि त्याची यादी डायलर लिस्टमध्ये असते. या यादीतली ढिलाई महागात पडते. ठरल्याप्रमाणे १२० सेकंद कामाचे काही गेले नाही तर राउटर फोन ठेवतो. पण रिप हा प्रोटोकॉल दर ३० सेकंदांनी मार्गांची माहिती पाठवतो. ती यादीतून वगळली नाही, तर १२० सेकंदांची शांतता कधीच येत नाही आणि एसटीडीचे मीटर रात्रंदिवस फिरत राहते. म्हणून हे कॉन्फिगरेशन लिहिणाऱ्याला आपल्या तारेवरून काय काय जाते, हे खरोखर माहीत असावे लागे.

वेगळ्या वाटेची ही शिस्त सुटली की काय होते, याचे दोन ठळक पुरावे आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच खाली आला आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद पडले. नेहमीची वाट आणि आणीबाणीची वेगळी वाट, दोन्ही बंद होत्या, असे कंपनीनेच नंतर सांगितले. इंजिनिअरना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. पुढच्या वर्षी ८ जुलैला कॅनडात रॉजर्स कंपनीचे नेटवर्क कोसळले आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक तुटले. तातडीच्या ९११ सेवेलाही फटका बसला. तिथे राउटर सांभाळण्याचे नेटवर्क त्याच मुख्य आयपी नेटवर्कवर विसंबून होते, त्यामुळे कोसळलेल्या राउटरपर्यंत पोचणेच अवघड झाले. दोन्ही ठिकाणी मूळ चूक कॉन्फिगरेशनची होती आणि तशी चूक कुणाचीही होते. तिची दुरुस्ती लांबली, कारण सुधारणाऱ्याला आत शिरायला चालू असलेले वेगळे दार नव्हते.

फोनच्या या जुन्या वाटेवर आक्षेपही आहेत. पहिला आक्षेप वेगाचा. फोनची लाइन माणसाच्या आवाजासाठी, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यासाठी बांधलेली. व्ही-३४ मोडेम तिच्यातून सेकंदाला ३३,६०० बिट काढतो. १९९८ चा व्ही-९० मोडेम ५६,००० पर्यंत जातो, तोही एकाच दिशेने. आजच्या फायबरपुढे हे नगण्य आहे. पण राउटर दुरुस्त करायला फक्त अक्षरे लागतात. ९६०० च्या वेगाने, एका अक्षराला १० बिट धरले, तर सेकंदाला ९६० अक्षरे येतात. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पूर्ण पडदा दोन सेकंदांत भरतो. चुकलेला मार्ग शोधून काढून टाकायला एवढे पुरते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आणि तो जास्त वजनदार आहे. फोन नंबर सगळ्या जगाला खुला असतो. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ चित्रपटात एक मुलगा ओळीने नंबर फिरवून मोडेम शोधतो. ते तंत्र खरे होते आणि त्याचे नावही त्या चित्रपटावरूनच पडले. फायरवॉलवर लाखो खर्च करून मागे एक बेवारस मोडेम ठेवणे हा निष्काळजीपणाच आहे. त्यावर इलाज मात्र आहेत: प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगिन, छोटा टाइमआउट, ठरलेल्या नंबरवर उलट फोन करण्याची पद्धत, प्रत्येक प्रयत्नाची नोंद. हे दार असुरक्षित होते ते त्याची देखभाल कुणाच्याच नावावर नसते म्हणून. मुख्य दाराची हीच दुर्लक्ष केलेली अवस्था असती, तर तेही तितकेच असुरक्षित ठरले असते.

तिसरा आक्षेप मी मान्य करतो. तांब्याची लाइनच आता राहत नाही. ब्रिटनने जुने टेलिफोन जाळे जानेवारी २०२७ अखेर बंद करण्याचे ठरवले आहे, आणि फोनचा आवाज आयपी पाकिटांतून जाऊ लागला की मोडेमची भाषा त्यात तुटते. अमेरिकेत एओएलने सप्टेंबर २०२५ मध्ये आपली डायल-अप सेवा थांबवली. तेव्हा आजच्या राउटरला ऑक्स पोर्टवर मोडेम लावा, असा माझा आग्रह नाही. त्याची जागा ४जी मोडेम घेतो, आणि घ्यावी. मात्र तांब्याच्या लाइनला स्वतःची तार आणि एक्स्चेंजमधून येणारी स्वतःची वीज होती. ४जीच्या बाबतीत तसे वेगळेपण आपोआप मिळत नाही. ज्या टॉवरवर तो मोडेम विसंबतो, त्या टॉवरची फायबर आपल्या मुख्य लाइनच्याच चरातून, त्याच कंपनीच्या राउटरवरून जात असेल, तर दुसरी वाट कागदावरच उरते.

म्हणून ज्यांच्या हाती बँकेचे, रुग्णालयाचे किंवा टेलिफोनचे नेटवर्क आहे, त्यांनी आणीबाणीच्या वाटेची तार, वीज, कंपनी आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर यांची यादी करावी आणि मुख्य नेटवर्कशी जुळणारी प्रत्येक गोष्ट खोडावी. मग ठरलेल्या दिवशी मुख्य लाइन मुद्दाम काढून, त्या वाटेने खरोखर लॉगिन करून पाहावे. डायल-अपच्या काळात ही सवय आपोआप लागत होती, कारण फोन लावल्याशिवाय काही चालतच नव्हते. आता ती जाणीवपूर्वक लावावी लागेल, आणि तिचा खर्च सहा तासांच्या अंधारापेक्षा निश्चितच कमी आहे.